रा. रा. खेकडेराव यांस अनावृत पत्र

मु. पो. तिवरे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी

सा. न. वि. वि.

2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसेक माणसं जिवाला मुकली. काही दिवसांतच तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी गुन्हेगार शोधून काढला : आपण! विरोधकांनी तर आपल्या भाऊबंदांना थेट पोलीस ठाण्यात हजर केलं. तपासाला एवढी गती आपल्या राज्यात क्वचितच येते.

आपल्या कर्तृत्वाला तोड नाही. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. ते कागद आपणच कुरतडले असणार. मातीच्या धरणातून पाझरणारं पाणी नितळ असेल तर नजर ठेवायची आणि गढूळ झालं की भरावाच्या पोटातली माती निघाली असं समजून धावायचं, एवढं तर धरणावरच्या चौकीदारालाही ठाऊक असतं. धावणाऱ्यांचे पाय नांगीत धरून ठेवले ते अर्थात आपणच.

पैशाच्या वाटेतही आपलंच बीळ असावं. जागतिक बँकेच्या कर्जातून 2012 मध्ये धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यात 7 राज्यांतली 223 धरणं सुधारली. देशात सर्वाधिक मोठी धरणं असलेला महाराष्ट्र त्यात नव्हता. नाव आपण खोडलंत का? पुढच्या दोन टप्प्यांना केंद्राची मंजुरी मिळाली ऑक्टोबर 2020 मध्ये : 10,211 कोटी रुपये, 19 राज्यं, 736 धरणं. या वेळी महाराष्ट्र यादीत आला. तिवरे फुटून सव्वा वर्ष झालं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आडवं चालणं आपल्या रक्तातच आहे, पण फायलींना ती चाल कुणी शिकवली?

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणमालकावर देखभाल-दुरुस्तीसाठी स्वतंत्र पैसा राखून ठेवण्याची जबाबदारी टाकली. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणीही सक्तीची केली. कायदा चांगलाच आहे. आता फक्त भरावावरची झुडपं काढायला, निखळलेलं पिचिंग बसवायला आणि सांडवा मोकळा करायला पैसे वेळेत पोचले की झालं. ते न पोचले, तर आपण आहातच.

एकच विनंती. यापुढे तपासणीच्या अहवालावर आपलीही सही असावी. बारा महिने धरणावर हजर असणारं दुसरं कोण आहे?

कळावे,
आपला,
धरणाखाली राहणारा एक करदाता