घोंगडीचा अंतरपाट

बारामतीहून इंदापूरला जाणारी एस.टी. भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावं घेत उसाच्या फडांमधून निघते, तेव्हा आपण एका जुन्या अमेरिकन प्रेमकथेतून चाललो आहोत, असं खिडकीशी बसून पेंगणाऱ्या कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण फ्रँक काप्राचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या रस्त्यावर बिनदिक्कत धावला असता. घरातून पळालेली एक गर्भश्रीमंत मुलगी, नोकरी गेलेला एक वार्ताहर आणि रात्रीची बस. प्रेमाचा आरंभ रीतसर जागेच्या भांडणानं होतो. क्लार्क गेबल सीटवरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे खिडकीबाहेर भिरकावून जागा मोकळी करतो आणि वळून बघतो, तर तिथे क्लॉडेट कोलबर्ट ऐसपैस बसलेली. आपल्याकडे त्यानं बस फलाटाला लागायच्या आतच खिडकीतून रुमाल टाकला असता, आणि मग जगातली ही एक गोड गोष्ट घडायची राहूनच गेली असती. पुढे दोघं एक रात्र उघड्यावर, गवताच्या सोबतीनं काढतात. तो तिला कच्चं गाजर देऊ करतो, ती नाक मुरडते आणि भूक अनावर झाल्यावर तेच गाजर मुकाट्यानं कुरतडते. इंदापूर तालुक्यात नायकानं बांधावरचा ऊस मोडून हातात दिला असता, आणि तो दातांनी सोलता येतो का, यावरच मुलीची पुढची सगळी वाटचाल ठरली असती.

या सिनेमाला ऑस्करची पाचही मोठी पारितोषिकं मिळाली. आपल्याकडे त्याचा १९५६ साली ‘चोरी चोरी’ झाला, १९९१ साली ‘दिल है के मानता नहीं’ झाला, आणि दरवेळी मुलगी नव्यानं घरातून पळाली. गेबलनं शर्ट काढला आणि आत बनियन नाही, हे पाहून अमेरिकेत बनियनचा खप घसरला, अशी एक आख्यायिका सांगतात. बारामतीच्या पेठेत बनियनला त्याची झळ लागल्याचं ऐकिवात नाही.

हा सिनेमा मी आत्याबरोबर पाहिला. आत्याला इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून कीर्तनातल्या टाळकऱ्यासारखा मागून मागून अर्थ पुरवत होतो. वाटेतला पूल वाहून गेल्यामुळे दोघांना एका खोलीत मुक्काम करावा लागतो, त्या प्रसंगी ती सावरून बसली. गेबल दोन खाटांच्या मधोमध दोरी बांधतो, तिच्यावर घोंगडी टाकतो आणि बायबलमधल्या यरीहो शहराच्या तटबंदीची ऐट त्या घोंगडीला देतो. मी यरीहो समजावून सांगायच्या तयारीत होतो. आत्या म्हणाली, “आरं, त्यात काय सांगायचंय? अंतरपाट धरलाय त्यानं.”

मी गप्पच झालो. कारण त्या खोलीत जे काही घडतं ते सगळं त्या घोंगडीमुळेच घडतं. पलीकडे दिवा मालवला जातो, बाहेर पाऊस पडत असतो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत आणि म्हणूनच एकमेकांच्या श्वासाचाही हिशेब ठेवतात. हॉलिवूडची सेन्सॉरसंहिता १९३० साली लिहिली गेली होती, पण तिचा चाबूक खरा कडाडला तो १९३४ च्या जुलैपासून, म्हणजे हा सिनेमा येऊन गेल्यावर. पुढे तर पडद्यावरच्या लग्नाच्या नवराबायकोच्या खाटाही वेगळ्या झाल्या. हेजसाहेबांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या संहितेत आणि आमच्या माजघरातल्या सोवळ्या आजीच्या नजरेत मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही तरुण माणसांचा अतोनात छळ केला, आणि नकळत त्यांना एक विद्या शिकवली. ‘पाणी देऊ का?’ या तीन शब्दांत जन्माचं सांगून टाकण्याची. जुने प्रेमपट अजून बघवतात ते मला वाटतं यासाठी. त्यातल्या माणसांना बोलायला फार थोडी जागा होती, आणि तेवढ्यात ती नीट मावली.

आत्या मात्र एव्हाना स्वतःच्या मांडवात पोचली होती. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाखालून तिला मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, पायांचे अंगठे तेवढे दिसले होते. “अंगठे बरे वाटले,” ती म्हणाली. मामा साखर कारखान्यात होते. हंगामात पाळी करून घरी यायचे तेव्हा अंगाला मळीचा वास आणि डोळ्यांत झोप. बोलणं जवळजवळ नाहीच. पण पगाराच्या दिवशी पाकिटाबरोबर ते आत्याला खर्चाची चिठ्ठी द्यायचे. दळण, रॉकेल, एस.टी., वाणी, आणि तळाशी न चुकता एक नोंद : किरकोळ. हा किरकोळ म्हणजे गजरा. घरात सासू होती, दीर होते, आणि चिठ्ठी कुणाच्याही हाती पडू शकत होती. मामांनी आयुष्यभर गजऱ्याला गजरा म्हणून लिहिलं नाही. आत्यानंही कधी विचारलं नाही की किरकोळीत काय आलं. गजरा मात्र पदराआड हातात ठेवला जायचा, आणि सासूबाईंना सुगंध येत असणारच. त्या बिचाऱ्या नाकाला पदर लावून दुसरीकडे बघत असतील.

सिनेमा शेवटाकडे आला. मुलीच्या बापानं तिला शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलर लावलेले. गेबल येतो, पण बक्षीस मागत नाही. मागतो फक्त ३९ डॉलर ६० सेंट, प्रवासात पदरचे गेले तेवढेच. सोबत टीपही आणलेली, ओव्हरकोट, बॅग, टोपी, शर्ट, जे जे विकावं लागलं ते सगळं ओळीनं मांडलेलं. बाप चतुर. तो त्या आकड्याकडे बघतो आणि याचं आपल्या मुलीवर प्रेम आहे, हे ओळखतो. मी आत्याला रक्कम सांगितली, एकेक बाब सांगितली. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्यावरच्या त्या कागदाकडे जरा वाकून बघत विचारलं,

“अन् यात किरकोळ किती धरलाय?”