वजा-पाव

सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत चार कॉट, एक पंखा आणि भिंतीवर एक कागद होता. कॉट आणि पंखा मालकाचे, कागद माझा. त्यावर लाल स्केचपेनने लिहिलं होतं : १/४ × १ − ३/४ × १/४ = १/१६. कोणी विचारलं हे काय, की मी म्हणायचो, "तुक्क्याची किंमत."

चार पर्याय, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव वजा. डोळे मिटून गोल काळा करत गेलं, तर चारात एकदा एक गुण येणार आणि तीनदा पाव-पाव जाणार. जमाखर्च मांडला तर दर तुक्क्यामागे गुणाचा सोळावा हिस्सा पदरात पडतो. केंद्राच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २००७पासून चुकीला एक तृतीयांश कापतात. तिथे हाच तुक्का शून्यावर येतो. आमच्या परीक्षेत पाव होता, म्हणजे सरकारच आपल्याला ठोकायला सांगतंय, असा माझा सिद्धान्त. दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर भाव थेट तीन अष्टमांशावर जातो. हे मी इतक्या जणांना समजावलं, की तेवढ्या वेळात पंचायत राज दोनदा वाचून झालं असतं. मेसच्या काकूंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका गुणाचे सोळा तुकडे करण्यापेक्षा एक पोळी घे."

पोरांनी माझं नाव वजापाव ठेवलं.

परीक्षेचं नाव मी इथे घेत नाही. चूक माझी, उगाच त्यांची बदनामी कशाला?

हे शास्त्र मला सहज सुचलेलं नव्हतं, त्यामागे दोन वर्षांचं नुकसान होतं. पहिल्या वर्षी मी 'अयोग्य विधान ओळखा' हे 'योग्य विधान ओळखा' असं वाचलं. एकदा नव्हे, सात वेळा. पहिलंच विधान बरोबर दिसायचं, मी खूश होऊन गोल काळा करायचो आणि पुढे जायचो. बाराखडीतलं पहिलं अक्षर न वाचल्याबद्दल पावणेनऊ गुण गेले : सात मिळायचे राहिले आणि पावणेदोन गाठीचे गेले. अण्णांनी फोनवर विचारलं, "येत नव्हतं तर लिहिलंस कशाला?" येत होतं म्हणूनच चुकलं, हे त्यांना समजावणं मला काही जमलं नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी वडिलांची आज्ञा पाळली. शंभर टक्के येतं तेवढंच लिहिलं : त्रेचाळीस प्रश्न. त्यातले एकोणचाळीस बरोबर, चार चूक, हातात अडतीस गुण. अण्णा म्हणाले, "बाकीचे सत्तावन्न कुणासाठी ठेवलेस?"

तेव्हा तिसऱ्या वर्षी कागद भिंतीवर लागला. पर्यायी प्रश्नांची ही तऱ्हा १९१५च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाच्या गृहस्थाने रूढ केली. तपासणाऱ्या गुरुजींच्या मर्जीवर गुण अवलंबून राहू नयेत, हा त्याचा हेतू. मर्जी गुरुजींची नको, हे ठीकच. पण विद्यार्थ्याच्या बावळटपणाचं काय करायचं, ते त्यानेही सांगून ठेवलेलं नाही. ते काम मी अंगावर घेतलं. 'नाही', 'अयोग्य', 'वगळता' दिसलं की त्याभोवती चौकट करायची. पेपर तीन फेऱ्यांत सोडवायचा : आधी पक्के, मग फिफ्टी-फिफ्टी, शेवटी तुक्के. प्रश्नपत्रिकेवर टिक करायची आणि लगेच उत्तरपत्रिकेत गोल. तीन महिने मी अभ्यासिकेत घड्याळ लावून नुसते गोल काळे करण्याचा सराव केला. शेजारचा मुलगा इतिहास वाचत असायचा. मला त्याची कीव यायची.

परीक्षेला शंभर प्रश्न आणि साठ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. माझी पहिली फेरी लोण्यात सुरी फिरावी तशी चालली होती. सदतिसावा प्रश्न बँकदराचा होता. भरवसा वाटेना, म्हणून नियमाप्रमाणे दुसऱ्या फेरीसाठी सोडला. प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेतली त्याची ओळ सोडायची राहिली. अडतीसचं उत्तर सदतीसच्या घरात गेलं, एकोणचाळीसचं अडतीसच्या. पुढे सगळी वरात एक-एक घर अलीकडे मुक्कामाला. मी मात्र दर चौकटीपाशी थांबून 'अयोग्य' हा शब्द नीट वाचत होतो.

एकसष्टपासून उत्तरपत्रिकेचा नवा रकाना होता. बासष्टचं उत्तर भरताना नजर नेमकी छापील आकड्यावर पडली, म्हणून ते योग्य जागी गेलं. एकसष्टची ओळ कोरी दिसली. वाटलं, मीच मागे ठेवलेला असणार. शेवटच्या मिनिटाला उत्तरपत्रिका तपासली तर रिकामं घर एवढं एकच. केवढी शिस्त! तिथे तीन नंबरचा पर्याय ठोकला आणि सोळावा हिस्सा कमावल्याच्या आनंदात बाहेर आलो. येताना उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळाली. ती मी घडी घालून बॅगेच्या तळाशी टाकली.

पहिली उत्तरतालिका आली तेव्हा गुण मोजले ते प्रश्नपत्रिकेवरच्या टिका बघून. सगळे तसेच मोजतात. फिकट कार्बनमध्ये कोण डोळे घालणार? आदल्या वर्षीच्या कट-ऑफपेक्षा बारा-तेरा जास्त. पोरांना चहा पाजला, स्वतः दोन वडापाव खाल्ले. पलीकडच्या कॉटवरचा अंबाजोगाईचा पार्टनर मात्र अगदी काठावर होता.

तालिकेत बावन्नाव्या प्रश्नाचं उत्तर चुकलेलं होतं. राज्यातली शिखरं उंचीच्या उतरत्या क्रमाने लावायची होती. माझं उत्तर, पर्याय दोन : कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४. तालिकेत होता पर्याय चार, त्यात हरिश्चंद्रगड महाबळेश्वराच्या वर. पार्टनर म्हणाला, "भावा, माझंबी दोनच हाय. पण जाऊ दे, कोण भांडत बसतंय?" मला गुणांची गरज नव्हती, आणि गरज नसली की माणसाला तत्त्वं सुचतात. मी म्हणालो, "तू गप बस. तुझ्यासाठी मी भांडतो." अप्पा बळवंत चौकात जाऊन शालेय भूगोलाचं जुनं पुस्तक मिळवलं, पानाची झेरॉक्स काढली, उंचीच्या आकड्यांखाली रेघा मारल्या आणि पैसे भरून हरकत घेतली. चौदा मीटरसाठी एवढा घाम मी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवरही गाळला नव्हता.

हरकत मान्य झाली. अंतिम तालिकेत पर्याय दोन. अभ्यासिकेत लोक येऊन माझा हात हातात घेत होते.

निकालाच्या यादीत पार्टनरचा नंबर होता. माझा नव्हता. मी कट-ऑफच्या एका गुणाने खाली होतो.

मग बॅगेच्या तळातून कार्बन प्रत काढली आणि ट्यूबलाइटखाली धरली. सदतीस ते साठ, चोवीस घरं, प्रत्येकात शेजारणीचं उत्तर. चोवीसातली सहा उत्तरं योगायोगाने बरोबर आली होती, अठरा चूक. सहातून साडेचार गेले, उरला दीड. भिंतीवर पाहिलं : चोवीस गुणिले एक सोळांश, बरोबर दीड. माझं गणित तंतोतंत खरं ठरलं होतं.

पण पहिल्या तालिकेप्रमाणे चोवीसात सहा नव्हे, सात बरोबर होती. सातवं कुठे गेलं, ते शोधायला बोट खाली सरकवत नेलं आणि बावन्नाव्या ओळीवर थांबलं. तिथे त्रेपन्नाचं उत्तर बसलं होतं : पर्याय चार. मी पुस्तक शोधून, झेरॉक्स काढून, पदरचे पैसे भरून जो पर्याय चुकीचा ठरवून घेतला, तो. मिळालेला एक गुण गेला, वर पाव वजा. सव्वा गुण. नापास एकाने.

संध्याकाळी पार्टनर पेढे घेऊन आला. "भावा, तुझ्या चौदा मीटरनं वाचलो बघ," असं म्हणत त्याने माझ्या तोंडात पेढा कोंबला. तेवढ्यात अण्णांचा फोन. "काय झालं रे?"

पेढा कसाबसा गिळून मी म्हणालो, "अण्णा, उत्तरं बरोबर लिहिली होती. फक्त शेजारच्या घरात पडली."

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शेजारचा पास झाला असंल."