मेणकागदाचे खजिनदार

आपल्या समाजात संग्राहकांच्या ज्या अनेक जाती आहेत, त्यांपैकी पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याला कौतुक लाभते, जुनी नाणी जमविणाऱ्याला विद्वत्तेचा मान मिळतो, परंतु पावाच्या वेष्टनाचा मेणकागद पुसून, वाळवून, घडी घालून जपणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला स्वतःच्या कुटुंबाच्या उपहासाखेरीज काहीही येत नाही. या उपेक्षित जातीचा नमुना म्हणून आमच्या आळीतील अण्णांकडे पाहावे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा सरकारी दप्तराचा ताबा त्यांनी रीतसर पावती घेऊन दिला आणि दुसऱ्याच दिवशी घरातील फडताळाचा वरचा कप्पा खाली करवून तेथे मेणकागदाचे दप्तर स्थापन केले.

या खात्याची जमा मुख्यत्वे आजारपणावर अवलंबून असे. स्लाइस पाव हा दुखणेकऱ्याचा आहार समजला जाई तो काळ. त्यामुळे घरात कोणाचा ताप उतरू लागून डॉक्टरांनी ‘चहा-पाव द्यायला हरकत नाही’ असे फर्माविले, म्हणजे अण्णांच्या मुद्रेवर जो हर्ष प्रकट होई तो निव्वळ अपत्यप्रेमाचा होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रोग्याचा पहिला तुकडा संपण्यापूर्वीच वेष्टन ओल्या फडक्याने निपटून दोरीवर सावलीत वाळत पडलेले असे. बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टने ही किरकोळ आवक. साबणाच्या वडीवरचा कागद वासाचा म्हणून थेट ट्रंकेतल्या लुगड्यांत रवाना होई. आणि माहीमच्या हलव्याच्या दोन थरांमधले कागद, त्यांत मेणापेक्षा तुपाचाच अंमल अधिक असल्यामुळे, दुय्यम ठरत.

खर्चाची बाजू याहून काटेकोर होती. कोरा करकरीत कागद प्रथम लाडवांच्या डब्याच्या तळाशी नेमला जाई. तेथली मुदत भरली की त्याची बदली खरेदीखते व सातबाराचे उतारे यांना पावसाळ्याच्या दमट हवेपासून राखण्याकडे होई. घड्यांवर विरू लागला म्हणजे तो सुया आणि दाढीची पाती गंजू नयेत म्हणून त्यांच्याभोवती गुंडाळला जाई, किंवा कोटाचे बटण टाचण्याचा दोरा त्याच्यातून ओढून मेणावून घेतला जाई. पार चुरगळला की खळ चिकटून अडखळणारी तापलेली इस्त्री त्याच्यावरून फिरवीत, आणि फुगून अडून बसलेल्या टेबलाच्या खणाच्या कडांना तो घाशीत. व शेवटी, अंगी मेणाचा अंश उरलाच आहे तर तो फुकट का दवडावा, या न्यायाने बंबाच्या पेटवणीत त्यास सद्गती देत. पहिली कामगिरी संपली म्हणून कोणास निकामी ठरवून बाहेर काढावे, ही कल्पनाच अण्णांना सोसत नसे. आणि त्यांचे पेन्शनीचे वय ध्यानात घेता, हा आग्रह सर्वस्वी कागदापुरताच होता असेही वाटत नाही.

थट्टा करणाऱ्यास ते इतिहासाच्या मैदानात गाठीत. ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५१ साली मेण पाजलेल्या कागदावर उलटी प्रत घेण्याची कृती प्रसिद्ध केली आणि, असा कागद आगाऊ तयार करून ठेवता येत असल्यामुळे, लिनियस ट्राइपसारख्या साहेबांनी उष्ण मुलखात हिंडून त्यावर देवळे टिपली, हे ते सांगत. आसामात दिग्बोईला १९०१ साली तेलशुद्धीचा कारखाना निघाला आणि तेथे खनिज तेलापासून मेण होऊ लागले, म्हणून मेणकागद स्वदेशी, असा त्यांचा निवाडा असे. कंपनी विलायती होती अशी हरकत कोणी घेतलीच, तर ‘जमीन कोणाची होती?’ या प्रश्नाने ती फेटाळली जाई. त्यांचा अखेरचा पुरावा मात्र कचेरीतला होता. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर टंकाचा ठोका बसून मेण सरते तेथूनच शाई पाझरते. सबब, रयतेपर्यंत पोचलेले प्रत्येक परिपत्रक मेणकागदातून गाळूनच आलेले असते, हे सिद्ध.

या कारकिर्दीस बट्टा लागला तो एका गौरीगणपतीत. काकू नारळाच्या वड्या थापण्यासाठी ताटाला तूप लावू लागल्या तोच अण्णांनी राखीव साठ्यातील दोन अव्वल कागद मंजूर केले.

“अहो, पाक उकळता आहे, तुपावरच थापते.”

“अगं, मेणाला काही चिकटत नाही. तूप ठेव ते!”

पॅराफिनचे मेण साधारण ५० ते ६० अंशांच्या सुमारास वितळते आणि वडीचा पाक शंभराच्या वर चढलेला असतो. मेणाने आपली जागा सोडली, पाकाने ती व्यापली, आणि वड्या कागदासकट नैवेद्याला तयार झाल्या. अण्णांनी जागेवरच चौकशी करून दोष कागदाचा नसून काकूंच्या घाईचा असल्याचा निष्कर्ष काढला, खरवडून निघालेल्या वड्या स्वतः निमूटपणे संपविल्या, आणि ‘उष्ण पदार्थांस मनाई’ असा हुकूम फडताळाच्या दाराआड डकविला.

पुढे पावावर प्लास्टिकची पिशवी आली आणि आवक कायमची खुंटली. अण्णांनी तत्काळ सर्व खर्च तहकूब केला, कारण जे पुन्हा येणे नाही ते वापरणे म्हणजे मुद्दल खाणे होय. तेव्हापासून इस्त्री अडखळते, खण अडून बसतो, सुया गंजतात. कागद मात्र शाबूत आहेत, आणि त्यांना दमट हवा बाधू नये म्हणून सारा गठ्ठा पावाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत बंदोबस्ताने बांधून ठेवला आहे. काकूंना सध्या निराळीच धास्ती पडली आहे: गठ्ठ्याला एक पिशवी पुरत असता, बाकीच्याही धुतल्या जाऊन दोरीवर वाळू लागल्या आहेत, आणि फडताळाचा दुसरा कप्पा खाली करण्याविषयी कालच त्यांना तोंडी सूचना मिळाली.