लागला का?

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी कोसळला. मध्ये पाऊण तास बाजारच बंद ठेवावा लागला. एरवी एवढ्यावर मराठी माणूस 'तरी मी सांगत होतो' म्हणत एफडीच्या पावत्या कपाटात आणखी आत सरकवून मोकळा झाला असता. या खेपेला मात्र तो घरात कोंडलेला, हातात मोबाइल, आणि डीमॅट खातं बसल्या जागी उघडत होतं.

पण घ्यायचं काय? विमानं जमिनीवर, थिएटरला कुलूप. चालू काय होतं, तर नातवाची शाळा, मुलाची मीटिंग आणि सुनेचं ऑफिस, सगळं एकाच वायफायवर. म्हणजे आयटी आणि टेलिकॉम! आमच्या सोसायटीतल्या नानांचा पोर्टफोलिओ असा सोफ्यावरून दिसेल तेवढ्यातून जमला. एप्रिलात फेसबुकने जिओमध्ये ४३,५७४ कोटी घालायचं जाहीर केलं, तेव्हा नाना नुसतं "बघा!" म्हणाले. झुकरबर्ग जणू त्यांना विचारूनच गेला होता.

नानांना हसावं, तर अमेरिकेतली मंडळी त्यांचेही काका निघाली. मीटिंगवाल्या झूमचा शेअर समजून त्यांनी 'झूम टेक्नॉलॉजीज' नावाच्या भलत्याच कंपनीवर उड्या टाकल्या. भाव चढतच गेला. त्या कंपनीने २०१५ नंतर हिशेबाचा कागद दाखवला नव्हता, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मागितलाही नसावा. शेवटी मार्चअखेर तिथल्या बाजार नियामक एसईसीनेच व्यवहार थांबवले. नाव एक आणि भाव दुसऱ्याचा!

सप्टेंबरात हॅपिएस्ट माइंड्सचा आयपीओ आला. शेअर १६६ रुपयांना, लॉट ९० चा, मागणी दीडशे पट. नानांनी घरातल्या प्रत्येक पॅनवर अर्ज भरला. काकूंच्या मोबाइलवर १४,९४० रुपयांचं यूपीआय मॅन्डेट येऊन पडलं.

"अहो, पण कंपनी करते काय?"

"डिजिटल."

"ते कळलं. पण करते काय?"

"वेळ संपत आलीय, पिन टाक."

त्या आठवड्यात मास्कआडून 'लागला का?' एवढंच ऐकू यायचं; आयपीओ की कोविडचा ताप, ते चेहऱ्यावरून ओळखायचं. नानांकडे लागला तो एकट्या काकूंना. १७ तारखेला शेअर ३५१ ला उघडला. "वीक, वीक!" नाना ओरडत राहिले.

काकूंनी चष्मा लावला. "माझ्या नावावर आहे ना? मग थांबा. आधी ते डिजिटल म्हणजे काय ते वाचते."