उदंड शब्दांचा गोंधळ

इंग्रजीत 'भरपूर' म्हणायला शब्द भरपूर आहेत, आणि पंचाईत तिथेच होते. शब्दकोश उघडावा तर 'अ‍ॅबंडंट' आपल्याला 'प्लेंटिफुल'कडे पाठवतो आणि 'प्लेंटिफुल' परत 'अ‍ॅबंडंट'कडे; सरकारी कचेरीतल्या दोन टेबलांसारखं.

रोजच्या वापरात मात्र प्रत्येकाचा सुभा वेगळा. घाम येतो तो 'प्रोफ्यूज', नोट्स काढायच्या त्या 'कोपियस'. माफी 'प्रोफ्यूजली' मागतात, कारण त्या शब्दाच्या लॅटिन मुळाशी ओतणं आहे. 'कोपियस'च्या मागे साठा आहे, म्हणून वह्या भरतात. अश्रूंना दोन्ही चालतात. रडायचंच म्हटल्यावर कोण अडवणार? 'अ‍ॅम्पल' हा हिशेबी गृहस्थ: गरज भागून थोडं उरेल, इतकंच. 'गलोर' आयर्लंडहून आला, तिथे त्याचा अर्थ पुरेसं असाही होतो. इंग्रजांकडे येऊन तो सुखवस्तू झाला, पण नामाच्या मागे चालायची सवय काही सुटली नाही.

माझा लाडका शब्द 'प्लेथोरा'. पूर्वी हा आजार होता. अंगात रक्त फार झालंय असं वैद्यांना वाटलं की ते हे निदान करत आणि शीर उघडून रक्त काढत. आता वर्तमानपत्रं 'पर्यायांचा प्लेथोरा' असं खुशीत लिहितात आणि शुद्धतावादी कुरकुरतात. मी कुरकुरणाऱ्यांच्या बाजूचा. रात्री ओटीटीवर काय बघायचं हे ठरवता ठरवता ताटातली आमटी गार होते, पापड मऊ पडतो, आणि शेवटी दहादा पाहिलेलाच सिनेमा लागतो. हा आजार नाही तर काय?

'अ‍ॅबंडंट' आणि 'रिडंडंट' तर सख्खे भाऊ. दोघांच्याही पोटात लॅटिनमधली लाट आहे, दोघंही काठ ओलांडून वाहतात. पण एकाचं कौतुक झालं, दुसरा नकोसा ठरला. ब्रिटनमध्ये कंपनीला एखाद्याची जागाच नको झाली, की तो माणूस 'रिडंडंट' होतो. मग त्याच्या निरोपसमारंभात साहेब 'फुलसम' स्तुती करतात. हा शब्दही मूळचा भरपूर या अर्थाचाच. पुढे त्याला इतकं लोणी लागलं, की जाणकार तो ऐकून ओशाळतात. साहेबांना ते ठाऊक नसतं. ते मनापासून बोलत राहतात, आणि सत्कारमूर्ती समोशाची दुसरी प्लेट उचलतो.