सख्खी मावशी, पण कागदावर कोण?

मे महिना लागला की आत्या, मावशी, आजी-आजोबा भाचरा-नातवंडांना घेऊन सिंगापूर, दुबई, लंडनला निघतात. तिकिटं जानेवारीतच काढलेली असतात. आई-वडिलांचं संमतिपत्र मात्र आदल्या संध्याकाळी आठवतं. कुणी आधी आठवण करून दिलीच, तर लगेच रुसवा: “सख्ख्या मावशीवर विश्वास नाही का?”

विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तुमची सख्खी मावशी कशी ओळखू येणार? त्याच्यासमोर असतात दोन पासपोर्ट, त्यांवरची दोन वेगळी आडनावं आणि पेंगुळलेलं नऊ वर्षांचं पोर. त्यानं विचारलंच पाहिजे. मुलं पळवणारेही ‘मी हिची मावशी’ असंच सांगतात. दक्षिण आफ्रिकेनं 2015 मध्ये मुलांच्या प्रवासासाठी जन्मदाखला आणि संमतिपत्राची कडक अट घातली, ती या चोरट्या वाहतुकीच्या धास्तीनं. पर्यटन व्यवसायाची ओरड झाल्यावर 2019 मध्ये ती सैल केली. शेंगेन व्हिसाला आजही आई-वडील दोघांची संमती लागते. एकट्या वडिलांच्या सहीवर भागवायची आपली जुनी खोड तिथं चालत नाही, आणि चालू नयेच. एकाच पालकाकडे ताबा असेल तर कोर्टाचा आदेश, एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडावा.

मला खरा राग येतो तो पत्रातल्या मजकुराचा. ‘आमची हरकत नाही’, खाली सही, संपलं! परक्या शहरात रात्री दोन वाजता पोराच्या पोटात कळा आल्या, डॉक्टरांनी अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलं, तर या एका ओळीचा काय उपयोग? पत्रात स्पष्ट लिहा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या देशात, कुणाबरोबर, उपचारांचा निर्णय मावशी घेईल, पेनिसिलिन चालत नाही, रात्री-अपरात्री उचलले जातील असे आमचे फोन नंबर हे. पत्र इंग्रजीत करा, नोटरीसमोर सह्या करा, दोघांच्या पासपोर्टच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला जोडा.

मावशीनं रुसण्याऐवजी हे पत्र स्वतःच मागून घ्यावं. पोराची जबाबदारी तिच्यावर टाकताय, तर अधिकारही तिच्या हातात लेखी द्या. आणि तिकिटं काढाल त्याच आठवड्यात या कामाला लागा. वडील जहाजावर असतील किंवा आई परगावी नोकरीला, तर एका सहीसाठी महिना जातो.