मस्तकाचा मुलाहिजा

जिल्हा न्यायालयाच्या शिरस्तेदारीत ज्याने चौतीस वर्षे काढली, आणि फिर्याद, जबानी, मुचलका, तहकुबी व तगादा या पंचमहाभूतांपासूनच ईश्वराने ही सृष्टी घडविली असली पाहिजे अशी ज्याची सेवानिवृत्तीच्या वेळी पक्की खात्री झालेली होती, त्या माणसाला कन्येच्या आग्रहाखातर मेलबर्नच्या एका उपनगरात सहा महिने मुक्काम करावा लागला, तर त्या निर्मळ, नीरव आणि कचेरीशून्य प्रदेशात त्याचा जीव किती गुदमरेल, याची कल्पना ज्याने कधी शिक्क्याच्या शाईचा वास घेतला नाही त्याला येणार नाही. पहिले तीन आठवडे मी खिडकीत बसून पोपट मोजले. चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी रात्री, जावईबापू जेवताजेवता हातातल्या फोनकडे पाहून एकाएकी म्हणाले, “बाबा, सुनावणी सुरू झाली!” आणि कित्येक दिवसांनी मला घास गोड लागला.

सुनावणी फुटबॉलची होती. हा फुटबॉल म्हणजे आपल्या गोव्यात खेळतात तो नव्हे. मैदान लंबवर्तुळ, चेंडू अंडाकृती, एका बाजूला अठरा गडी, आणि गोलाच्या जागी एका ओळीत उभे केलेले चार खांब. मधल्या दोहोंतून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून तो बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण मिळतोच. उत्तर चुकले तरी रीतीला गुण देणारे आमचे गणिताचे मास्तर या देशात जन्मले असते तर त्यांचा पुतळा उभारला गेला असता. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने, हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचे देह सुस्तावू नयेत म्हणून काही खेळ काढावा, असे पत्र एका वृत्तपत्राला धाडले आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मेलबर्नच्या क्लबाने दहा कलमांची नियमावली लिहून काढली. त्या दहांत, धावत्या गड्याला पाय घालून पाडण्यास आणि ढकलण्यास स्पष्ट मुभा होती. मनाई होती ती नडगीवर लाथ मारण्यास. म्हणजे मुलाहिजा प्रथमपासूनच होता, पण तो नडगीचा होता, आणि नडगीपासून मस्तकापर्यंत चढावयास त्याला दीडशे वर्षे लागली.

सर्व अनर्थाचे मूळ आहे ते पकडीत. येथील लोक तिला टॅकल म्हणतात. चेंडू ज्याच्यापाशी आहे त्याला खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरावे अशी प्रत्येक गड्याला सनद आहे. आणि धरल्या गेलेल्याने, त्याला आधी संधी मिळालेली असेल तर, चेंडू तत्काळ लाथेने अथवा मुठीने पुढे धाडला पाहिजे, न धाडल्यास पंच शिट्टी फुंकून तो पकडणाऱ्याच्या स्वाधीन करतात. आता मुठीने चेंडू धाडावयाचा तर हात मोकळे हवेत हे पाळण्यातल्या पोरालाही समजते. सबब पकडणारा शहाणा असेल तर प्रथम हातच आवळतो. प्रशिक्षक मांडीवर थाप मारतो, प्रेक्षक आरोळी ठोकतात, चेंडू बहाल होतो, आणि येथे एका खात्याचे काम संपते. दुसऱ्या खात्याचे म्हणणे असे की, ज्याचे हात आवळलेले आहेत त्याला पडताना ते टेकता येत नाहीत, सबब त्याचे मस्तक भुईवर आपटते, सबब आवळणाऱ्याने त्याच्या मस्तकाची काळजी वाहावयास हवी होती. एका टेबलावर ज्या कृत्याबद्दल बक्षीस, शेजारच्या टेबलावर त्याच कृत्याबद्दल समन्स! हे ऐकून माझे डोळे पाणावले. परदेशात मातृभाषा कानी पडावी तसे झाले. २०२४ च्या मे महिन्यात, पकड लांबून गडी फेकला जाऊ नये म्हणून, पंचांनी शिट्टी अंमळ लवकर फुंकावी असा हुकूम सुटला खरा. परंतु शिट्टी ऐकून माणूस थांबतो, पडता देह थांबत नाही, ही निसर्गाची जुनी वहिवाट आहे आणि तिला अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही.

सामना संपला म्हणजे मॅच रिव्ह्यू ऑफिसर नावाचे अधिकारी सर्व चित्रफिती डोळ्यांखालून घालतात. पूर्वी, २००५ पासून, या कामाला एक पंचायत होती. २०१८ पासून तो भार एकट्या अधिकाऱ्यावर आहे. त्यांच्यापुढे जो तक्ता असतो तो जावईबापूंनी मला छापून दिला आणि तो मी अजून उशाशी ठेवतो. वर्तन दोन प्रकारचे: निष्काळजीपणाचे आणि हेतुपुरस्सर. संपर्क दोन प्रकारचा: एक धडाशी, दुसरा मस्तकाशी किंवा जांघेशी, या दोन अवयवांना कायद्याने एकाच रकान्यात बसविले आहे, आणि पुरुषजातीच्या एकंदर अनुभवाशी ते फारसे विसंगत नाही. आघात चार प्रतींचा: अल्प, मध्यम, भारी आणि तीव्र. निष्काळजीपणाने मस्तकाला अल्प आघात झाल्यास नुसता दंड, मध्यमास एका सामन्याची बंदी, भारीस दोन, आणि तीव्र असल्यास तीन अथवा अधिक, व प्रकरण थेट ट्रायब्युनलच्या दप्तरी.

तक्ता सुरेख आहे. परंतु त्यातील गंमत अशी की, आघात अल्प की तीव्र हे पकडणाऱ्याने काय केले यापेक्षा पकडला गेलेल्याचे काय झाले यावरून बव्हंशी ठरते. तोच झेप घेणारा, तीच मिठी, तीच भुई. खालचा गडी कपडे झटकून उठला तर वरचा निर्दोष, खालचा पडून राहिला तर वरच्याचे तीन आठवडे गेले. अपराधाचे माप अपराध्याच्या हातात नाही, ते फिर्यादीच्या कवटीत आहे. कर्त्याने फळाकडे डोळा ठेवू नये असे आपल्याकडे रणांगणावर सांगितले गेले. येथे फळ पदरात पडेपर्यंत कर्म काय होते याचाच निर्णय होत नाही. बरे, फळ मुळीच आले नाही म्हणून निर्धास्त राहावे तर एक पुरवणी कलमही आहे: इजा झाली नसली तरी अधिक गंभीर इजा होण्याचा संभव होता काय, याचाही विचार व्हावा. अशा कलमाच्या शोधात आमचे एक सरकारी वकील उभे आयुष्य झिजले.

आणि अपिलाचे काय सांगावे! २०२२ च्या ऑगस्टात कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स ब्रिस्बेनच्या कॅलम आ ची याच्यावर आदळला, आ ची याच्या मेंदूला धक्का बसला, क्रिप्सला दोन सामन्यांची बंदी झाली आणि ट्रायब्युनलने ती कायम केली. अपील मंडळापुढे मात्र वकिलांनी रात्र जागवून असे दाखवून दिले की खालच्या कोर्टाच्या कार्यपद्धतीतच नैसर्गिक न्यायाची खोट राहिली आहे, आणि बंदी रद्दबातल झाली. मस्तकाला जे व्हावयाचे ते झालेच होते. खोट निघाली ती कागदात, आणि कागद दुरुस्त होताच गडी मोकळा झाला. पुढच्याच महिन्यात त्याच क्रिप्सला ब्राउनलो पदक मिळाले. हे पदक १९२४ पासून त्या वर्षीच्या सर्वोत्तम आणि ‘सर्वांत सचोटीच्या’ खेळाडूला देतात, आणि ज्याला त्या हंगामात एका सामन्याचीही बंदी झाली तो त्यास अपात्र होतो. १९९७ साली क्रिस ग्रँटला सर्वांत अधिक मते पडली असता एका सामन्याच्या बंदीपायी पदक दुसऱ्याच्या गळ्यात गेले, आणि २०१७ साली पॅट्रिक डेंजरफील्डला एका पकडीपायी अपात्र ठरविण्यात आले. दंडाची गोष्ट निराळी. दंड भरणाऱ्याचे सोवळे शाबूत राहते. बंदी झालेल्याचे मोडते. प्रायश्चित्तापेक्षा दक्षिणा श्रेष्ठ, हा सिद्धान्त इतक्या दक्षिण अक्षांशावर स्वतंत्रपणे कोणी शोधून काढला असेल?

२०२४ चा हंगाम तर कोणा कादंबरीकाराने रचला असावा. मार्चमध्ये, खरा हंगाम सुरूही झाला नव्हता तेव्हा, सेंट किल्डाच्या जिमी वेब्स्टरने दिलेल्या धडकेबद्दल त्याला सात सामने घरी बसविण्यात आले. जुलैत सिडनीच्या आयझॅक हीनीचा हात मागे फिरला आणि तो ज्याच्या तोंडावर बसला तो मनुष्य म्हणजे हाच वेब्स्टर. हीनीला एक सामना बंदी झाली, अपिले फेटाळली गेली, आणि ज्याच्या गळ्यात त्या वर्षी पदक पडणार असे सारे शहर म्हणत होते तो अपात्र ठरला. एप्रिलात ब्रिस्बेनच्या चार्ली कॅमरनला धोकादायक पकडीबद्दल एक सामना झाला होता. त्याच्या वकिलाने त्याची निष्कलंक कारकीर्द आणि उत्तम शील पुढे मांडले, व ट्रायब्युनलने ‘असाधारण आणि सबळ परिस्थिती’ या कलमाखाली बंदीचा दंड करून दिला. मग काय विचारता, सद्वर्तनाच्या दाखल्यांना भाव आला! जुलैत त्याच कॅमरनला दुसऱ्या पकडीबद्दल तीन सामने झाले. या खेपेस शीलाने काम झाले नाही, कायद्याच्या चुकीने झाले. अपील मंडळाने त्याला आणि तशाच आरोपातील टोबी बेडफर्डला एकाच वेळी मोकळे केले. सज्जनपणा एकदाच वटतो. तांत्रिक मुद्दा मात्र कितीही वेळा.

यापुढचे प्रकरण मी जावईबापूंना पुन्हा सांगावयास लावले नाही. ७ सप्टेंबर २०२३ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डने, मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉची लाथ अडविण्यासाठी हवेत उडी घेतली, आणि खाली येताना त्याचा खांदा ब्रेशॉच्या मस्तकावर आदळला. पूर्वीच्या धक्क्यांमुळे ब्रेशॉ शिरस्त्राण घालूनच खेळत असे. तो बेशुद्ध पडला. ट्रायब्युनलपुढे शरीरगतीचे एक प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून उभे राहिले आणि जमीन सोडलेल्या माणसाला मार्ग बदलण्यास किती थोडा अवधी असतो याची चर्चा रात्रीपर्यंत चालली. मेनार्ड निर्दोष सुटला, आणि मला वाटते कायद्याने तो सुटावयासच हवा होता. ब्रेशॉ पुन्हा कधी खेळला नाही. पुढच्या फेब्रुवारीत वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याने खेळ सोडला. त्यानंतर, हवेत उडी घेणाऱ्याने आदळण्याचा संभव आधीच ओळखला पाहिजे, असे कलम नियमावलीत दाखल झाले. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण जावईबापूंनी लिहून घेतली.

मेंदूला धक्का बसलेल्या गड्याने बाराव्या दिवसाआधी मैदानावर येऊ नये असाही नियम २०२१ पासून आहे. आमच्याकडे बाराव्या दिवशी सपिंडीकरण होऊन मनुष्य पितरांत जातो. येथे बाराव्या दिवशी तो संघात परत येतो. आकडा तेवढा कोणी तरी आमच्या पंचांगातून उचललेला दिसतो.

एवढी कलमे एकाएकी का उगवली, असे मी विचारले तेव्हा जावईबापू थोडे गंभीर झाले. ग्रॅहम फार्मर हा या खेळातील एक अजोड पुरुष २०१९ साली वारला, आणि वारंवार बसलेल्या आघातांनी मेंदू झिजविणारा जो रोग, तो त्याला होता असे पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूच्या तपासणीत निघाले. डॅनी फ्रॉली, शेन टक आणि महिलांच्या स्पर्धेत खेळलेली हेदर अँडरसन यांच्याही मेंदूत तोच सापडला. या रोगाचे निश्चित निदान मरणोत्तरच होते. म्हणजे ज्याने जबानी द्यावयाची तो हजर नसतानाच पंचनामा लिहावा लागतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या खेळाडूंनी हा खेळ चालविणाऱ्या संस्थेवर व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात सामुदायिक दावा लावला. माझ्या चौतीस वर्षांत मी एक पाहिले आहे: कोणत्याही दप्तराला रक्त पाहून घाम फुटत नाही, दावा पाहून फुटतो. पकडणाऱ्याला तीन आठवडे घरी बसविले म्हणजे संस्थेला न्यायमूर्तींपुढे दाखविण्यास एक स्वच्छ नोंदवही तयार होते; हात आवळण्याचे बक्षीस मात्र त्या नोंदवहीत कोठे लिहिलेले नसते.

मागल्या रविवारी दुपारी मी परसातल्या हिरवळीवर उभा असता माझा आठ वर्षांचा नातू अंडाकृती चेंडू माझ्या हाती देऊन दूर गेला, आणि “आजोबा, सांभाळा!” असे ओरडत धावत आला. मी शिरस्तेदारी बाण्याने चेंडू छातीशी धरून उभा राहिलो. त्याने, कोणी शिकविले देव जाणे, माझे दोन्ही हात व्यवस्थित आवळले, आणि पुढच्या क्षणी मी आकाशातले ढग पाहत होतो. स्वयंपाकघराचे दार वाजले. कन्या धावत येत होती, आणि धावतानाच पोराला विचारीत होती, “काय केलंस रे? बाबा, डोक्याला लागलं का?” पोर पांढरेफटक पडून माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. संध्याकाळचे आइस्क्रीम, पुढच्या शनिवारचा सामना, त्याची एकंदर कीर्ती, सारे मी उठतो की पडून राहतो यावर लटकलेले होते, आणि उभ्या आयुष्यात माझ्या हाती कधी नव्हता इतका अधिकार त्या क्षणी माझ्या टाळक्यात येऊन बसला होता. डोके किंचित गरगरत होते, हे खरे. मी कोपरावर रेललो आणि म्हणालो, “काही नाही गं. चष्मा पडला होता, तो शोधतोय.”

चष्मा डोळ्यांवरच होता. ते कन्येच्याही लक्षात आले असावे.